परत येणाऱ्या पंच्याहत्तरांचं काय?

"भावजी, चार वर्षांनी हा घरी आला की ह्याला पोरगी कोण देणार?"

दिवाळीत भावकीतल्या एका वहिनींनी मला हे विचारलं, तेव्हा त्यांचा मुलगा शेजारीच भिंतीला टेकून उभा होता. अग्निवीर म्हणून भरती झालेला, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला. आठवड्यापूर्वी पाहुणे येऊन गेले होते. मुलीच्या मामांनी जमीन विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. फक्त "पर्मनंट आहे का?" एवढंच विचारलं. चार वर्षांचं आहे म्हटल्यावर त्यांनी चहा संपवला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. अजून कळवलेलं नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी पलटण कुठली एवढंच विचारलं होतं. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. अशा मुलखात वर्दीतल्या मुलाच्या घरून पाहुणे चहा पिऊन गप्प निघून जातात, ही गोष्ट मला महिनाभर टोचत राहिली. मी त्या मामांना दोष देत नाही. मुलगी देणारा माणूस पुढच्या तीस वर्षांचा विचार करतो आणि त्या तीस वर्षांबद्दल त्यांना सांगण्यासारखं आमच्यापैकी कुणाकडेच काही नव्हतं.

अग्निवीर ज्या योजनेतून भरती होतात ती अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांची मुलं, चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के कापून ठेवायचे, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि शेवटी व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार हातात द्यायचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम ठेवायचं, बाकीच्यांना घरी पाठवायचं. पहिल्या वर्षासाठी तिन्ही दलांत मिळून ४६ हजारांची भरती जाहीर झाली होती. त्यातली पहिली मुलं डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाली. म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ संपता संपता आणि २०२७ उजाडताना पुरी होतात.

तेव्हापासून वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, पारावर जी चर्चा चालली आहे ती सगळी पंचवीस टक्क्यांभोवती. पंचवीस पुरेसे आहेत का, पन्नास करावेत का, निवड न्यायानं होईल का. हे प्रश्न खोटे नाहीत. पण शंभरातले पंच्याहत्तर ज्या एसटीतून उतरणार आहेत ती एसटी आपल्याच स्टँडवर येणार आहे. पंचवीस जणांचं काय करायचं ते लष्कर बघेल. उरलेल्या पंच्याहत्तरांना कामाला लावणं हे महाराष्ट्राचं काम आहे, आपल्या जिल्ह्याचं, तालुक्याचं, गावचं काम आहे, आणि ते आपण अजून हातात घेतलेलं नाही. मला एवढंच मांडायचं आहे.

योजना चांगली की वाईट यावर मला लोक रोज विचारतात, म्हणून माझं मत सांगून टाकतो. फौज तरुण असावी यात शंका नाही. बाराचौदा हजार फुटांवर ओझं घेऊन चढताना पस्तिशीतल्या हवालदाराला काय होतं हे मी जवळून पाहिलंय. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली होती, तिनंही हेच सांगितलं होतं. १९७६ पासून चालत आलेली सतरा वर्षांची कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेतली नोकरी, कमी करून सात ते दहा वर्षांवर आणावी, असं त्या समितीचं म्हणणं होतं. पण तिचं वाक्य तिथं संपत नव्हतं. त्यानंतर ह्या लोकांना निमलष्करी दलांत पाठवावं, असा त्याचा दुसरा अर्धा भाग होता. तरुणपणी सीमेवर आणि नंतर दुसऱ्या दलात, अशी ती सलग वाट होती. आता सात-दहाची चार वर्षं झाली आणि पुढची वाट प्रत्येकानं आपापली शोधायची झाली. केंद्रीय पोलिस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर झाल्या, काही राज्यांनी आपल्या पोलिस भरतीतही जागा ठेवल्या. त्याचं मी स्वागतच करतो. पण राखीव जागा म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा, पुन्हा ग्राउंड. ज्या मुलानं १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढून, बीमवर दहा पुल-अप मारून, चार वर्षं बंदूक खांद्यावर वागवली, त्याला पुन्हा भरतीच्या तयारीच्या अकॅडमीच्या रांगेत उभं करायचं?

"त्यांना बारा लाख मिळणारच आहेत की, धंदा करू दे," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुतेकांनी एकदम बारा लाख हातात आलेला चोवीस वर्षांचा मुलगा पाहिलेला नसतो. माझ्याबरोबर पेन्शनवर आलेल्यांची ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकदम मिळालेला पैसा, कुठं गेलं ते मला माहीत आहे. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, बोअर, भावाचं सोसायटीचं कर्ज. दोघांनी पिकअप घेतली, एकाची हप्त्यात गेली. ते कोणी उधळे नव्हते. घरात पैसा आला की घरातल्या तुंबलेल्या गरजा आधी पुढे येतात, आणि थोरल्या मुलाला नाही म्हणता येत नाही. आम्ही तरलो, कारण पैसे संपले तरी दर महिन्याच्या शेवटी पेन्शन जमा होत होती. ह्या मुलांना ती नाही. तेव्हा त्यांना एकरकमी पैशापेक्षा महिन्याच्या महिन्याला पगार देणारं काम जास्त लागणार आहे, आणि तेही घरी आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत. पहिले सहा महिने नुसते गेले की माणूस बसतो. मी स्वतः बसलो होतो. पेन्शनवर आल्यावर एका कार्यालयात अर्ज दिला होता. पंधरा वर्षं सेवा झालेला मॅट्रिक सैनिक गट क च्या पदासाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरतात, याचा कागद जोडला होता. तिथल्या माणसाला तो नियम माहीतच नव्हता. तीन महिने कागद टेबलावर पडून राहिला आणि शेवटी मुदत संपली म्हणून परत आला. मग मी पुण्यात एका कंपनीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी दोन वर्षं केली. गेटवरच्या कामात कमीपणा नाही, आमची कितीतरी घरं त्यावर चालली. पण अठ्ठावीस वर्षांत मी नकाशा वाचायला, शंभर माणसांचं रेशन बसवायला, जखमी माणसाला डोंगरावरून खाली आणायला शिकलो होतो, आणि तिथं माझ्याकडून डिक्की उघडून बघण्यापलीकडे काही मागितलं गेलं नाही.

म्हणून हे पंच्याहत्तर काय शिकून येतात ते आधी नीट पाहिलं पाहिजे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. ८ तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. पुरातून बाहेर निघू पाहणारी गावची माणसं होती ती, बायका आणि लहान मुलं जास्त. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसं बसली होती. डझनाहून अधिक जण बुडाले. बोट चालवणाऱ्याचा किंवा चढणाऱ्यांचा दोष काढायला मी हे लिहीत नाही. पाणी उंबऱ्याला लागलं असताना "तू थांब, पुढच्या खेपेला ये" असं आपल्याच गावातल्या माणसाला सांगणं फार अवघड असतं. फौजेत ते शिकवलेलं असतं. आमच्याकडे बोटीत किती माणसं चढणार हे बोटीवरचा एकच माणूस ठरवायचा आणि त्याच्यापुढे साहेब लोकही बोलायचे नाहीत. असा एक माणूस, बावीस-तेवीस वर्षांचा, वर्दीतला, पगारावरचा, ज्याचा शब्द गाव ऐकेल, त्या दिवशी काठावर असता तर? गेली कित्येक वर्षं हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली. रस्ते पाण्याखाली, दरडी पडलेल्या, बाहेरची मदत पोचायला वेळ लागला. तोवर आजूबाजूची माणसं हातांनी चिखल उपसत होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीचं तेच झालं. वर जायला गाडीरस्ता नव्हता, जेसीबी चढवता आला नाही, जवानांना पावसात अंधारात पायी डोंगर चढावा लागला. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, तुकडी पुण्याजवळच्या तळेगाववरून येते. ती माणसं जिवाची बाजी लावून काम करतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तळेगाव ते महाड किंवा तळेगाव ते पलूस हे अंतर आणि ते पावसातले घाट कमी करणं त्यांच्या हातात नाही. दरडीखालच्या माणसासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात, आणि त्या तासांत तालुक्यातला माणूसच पोचू शकतो.

आज तालुक्यात कोण असतं? तहसीलदार असतात, त्यांच्या कपाटात आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा असतो. काही ठिकाणी 'आपदा मित्र' म्हणून स्वयंसेवक तयार केलेत. चांगली मुलं आहेत, पण काही दिवसांचं प्रशिक्षण आणि एक किट एवढ्यावर त्यांनी उभं राहावं अशी अपेक्षा आहे. त्यांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा. पाऊस लागला की कोण पुण्याला कामावर असतो, कोण मुंबईला.

माझं म्हणणं असं, की सह्याद्रीच्या उतारावरच्या आणि कृष्णा, कोयना, पंचगंगा, वाशिष्ठी, सावित्री यांच्या काठच्या तालुक्यांत प्रत्येकी वीस जणांची कायम तुकडी उभी करा. परत आलेल्या अग्निवीरांची. तहसीलदारांच्या हाताखाली, राज्य सरकारच्या पगारावर. वर एक जुना जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार) किंवा हवालदार ठेवा, म्हणजे शिस्त मोडणार नाही. दोर, बोट, स्ट्रेचर, करवत, जनरेटर, वायरलेस, एक गाडी. हिशेब करून पाहिला. माणशी महिना ३० हजार धरले तर एका तुकडीला महिन्याला सहा लाख, वर्षाला ७२ लाख. शंभर तालुके घेतले तर वर्षाला ७२ कोटी पगार आणि दोन हजार मुलांना काम. सामान वेगळं, ते एकदा घ्यायचं. ही रक्कम लहान नाही. पण एका महापुरानंतर पंचनामे करून जी मदत वाटावी लागते, तिच्यासमोर ती ठेवून बघा.

पावसाळा चार महिन्यांचा, बाकी आठ महिने ही मुलं काय करणार, असं मला एका ओळखीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं. आपल्या भागात काम नाही असा महिना कुठला? जानेवारीत मांढरदेवीची यात्रा असते. २५ जानेवारी २००५ ला तिथं चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास भाविक गेले. वाईचा तो डोंगर, ती चिंचोळी वाट, ओले झालेले दगड, हे त्या दिवसानंतर आमच्या भागात कुणी विसरलं नाही. गर्दी कुठं अडवायची, कुठं सोडायची, उलटी वाट कशी मोकळी ठेवायची, हे ज्याच्या अंगात मुरलंय अशी वीस माणसं प्रत्येक मोठ्या यात्रेला लागतात. आषाढी वारीला लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाचे फड पेटतात, डोंगरांना वणवे लागतात. सुट्टीच्या दिवशी गडावर चढलेली कॉलेजची मुलं कड्यात अडकतात आणि स्थानिक ट्रेकर मंडळी आपलं कामधाम सोडून त्यांना काढायला जातात. वर्षानुवर्षं ती माणसं फुकट हे करत आलीत, त्यांच्याबरोबर ही मुलं उभी राहिली तर दोघांना बळ येईल. आणि जेव्हा खरंच काही नसेल तेव्हा शाळांत जाऊन मुलांना पोहायला, दोराची गाठ मारायला, सीपीआर द्यायला शिकवावं. शेततळ्यात आणि विहिरीत बुडून मुलं जातात त्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण.

आता एक बोलणं मला फार लागतं, त्याबद्दल लिहिलं पाहिजे. चार वर्षं शस्त्र चालवायला शिकलेली मुलं रिकामी गावात आली की गुंडगिरीला लागतील, असं शिकलेली माणसं बोलतात. ह्या मुलांना पाहिल्याशिवाय बोलतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर ड्युटीवर असताना गेला. तिथं पाठवताना तो चार वर्षांवाला म्हणून त्याला सूट नव्हती. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार रात्री, आमच्या गावात सगळे मोबाइलवर डोळे लावून बसले होते. मला येऊन विचारत होते, "तात्या, आता काय होणार?" त्या रात्री सीमेवरच्या पलटणींमध्ये ही मुलंही उभी होती. तेव्हा त्यांच्या जिवावर आपण निर्धास्त झोपलो आणि घरी आल्यावर त्यांच्याकडे संशयानं बघायचं, हे मला माणुसकीचं वाटत नाही. रिकामा हात कुणाचाही वाईट. त्यावर उपाय काम देणं हा आहे, आणि ते देणं आपल्या हातात आहे.

नावाचा प्रश्नही आहे. चार वर्षांनी परतलेल्या अग्निवीराला 'माजी सैनिक' हा दर्जा मिळत नाही. म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, इसीएचएसचा, दवाखाना नाही, कॅन्टीन नाही, राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी असलेल्या जागांवर हक्क नाही. दर्जा देणं केंद्राच्या हातात आहे, त्यासाठी आमच्या संघटनांनी भांडत राहावं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं. तिथं या मुलांची नोंद ठेवायला, कोणानं काय ट्रेड केलं, कोण ड्रायव्हर, कोण सिग्नलमध्ये, कोण नर्सिंग असिस्टंटच्या हाताखाली राहिला, ही यादी करायला काय अडचण आहे? ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा करताना शाळेतल्या मुलांकडूनही आपण पैसे घेतो. त्याच निधीच्या कार्यालयाच्या दारात हा मुलगा गेला तर "तुम्ही आमच्यात बसत नाही" असं उत्तर त्याला मिळू नये.

साताऱ्याच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवायला हवी. सुभेदार रामजी सकपाळ फौजेत शिकले, फौजेतल्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि पेन्शन घेतल्यावर दापोलीला आणि तिथून साताऱ्याला येऊन राहिले, इथं नोकरी केली. त्यांच्या डोळ्यांदेखत सरकारनं महार मंडळींची भरती बंद केली होती. ज्या फौजेनं पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी केली तिचं दार लागलं. तरीही फौजेतून आणलेली शिस्त आणि वाचनाची ओढ त्यांनी घरात टिकवली. पहाटे उठवून मुलाचा अभ्यास घेतला. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब. फौजेतून परतलेला माणूस घरात, वस्तीत काय घेऊन येतो हे मोजायला गेलं तर पेन्शनच्या आकड्यात ते कधीच बसणार नाही. नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीला लष्करातला एक ड्रायव्हर १९७५ साली परत आला आणि त्यानं गावाकडून बांध, तळी, पाझर तलाव करून घेतले. पुढच्या काळातल्या अण्णा हजारे यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो, राळेगणचं शिवार पाहिलेला शेतकरी त्या कामाबद्दल वाद घालत नाही. ही दोन्ही माणसं स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली. प्रत्येक मुलाकडून तेवढ्या हिमतीची अपेक्षा धरायची आणि आपण हात बांधून बसायचं, हे बरोबर नाही.

माझ्या वयाच्या निवृत्त लोकांनाही सांगायचं आहे. आपण दर महिन्याला भेटतो, पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर कुणाचं काय अडकलं ते बोलतो, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची एकमेकांना आठवण करतो, 'वन रँक वन पेन्शन'चा, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन याचा, हिशेब करतो. सप्टेंबर २०१५ ला ते जाहीर झालं, त्यासाठी आपले लोक जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसले होते, ते विसरण्यासारखं नाही. पण ते आपल्यासाठी होतं. ज्यांना पेन्शनच नाही अशी मुलं आता येतायत आणि त्यांच्यासाठी बसणारं कोणी नाही. आपल्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या. पलटण तीच, सेंटर तेच, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही आरोळी तीच.

वहिनींच्या मुलाची सुट्टी संपली तेव्हा मी त्याला सोडायला स्टँडवर गेलो होतो. त्याला एक कागद लिहून दिला. डिस्चार्जच्या आधी कुठले दाखले मागून घ्यायचे, ड्रायव्हिंगचं हेवी लायसन पलटणीत असतानाच काढायचं, बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्राचं काय झालं ते कंपनी क्लार्कला विचारायचं, पोहण्याची टेस्ट पास असल्याची नोंद लिहून घ्यायची. तो म्हणाला, "तात्या, पोहण्याचा कागद कशाला?" मी म्हटलं, आणून ठेव.

आमच्या गावातले सात जण आत्ता अग्निवीर आहेत. त्यांची नावं, पलटण, ट्रेड आणि परत येण्याचा महिना, अशी यादी मी वहीत केली आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवणार आहे आणि तालुक्याला अशी तुकडी मंजूर करावी असा ठराव मांडणार आहे. सरपंचांनी विषयपत्रिकेवर घेतो म्हणून सांगितलंय. शेजारच्या चार गावांतल्या माजी सैनिकांकडे मसुद्याच्या झेरॉक्स दिल्या आहेत. दोन गावांतून सह्या होऊन परत आल्या, उरलेल्या दोन गावांत मी रविवारी जाणार आहे.